खांद्यापासून तीन बोटं खाली

हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या खांद्याच्या एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, खाली केली, परत धरली. मग मला विचारलं, "ताई, या खांद्यात कधी सुई घेतली होती का?"

मला हसूच आलं. म्हटलं, "डॉक्टर, मी शिवणकाम करते. माझा आख्खा जन्म सुईतच चाललाय."

"शिवायची नाही. टोचायची."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. चार महिन्यांपूर्वी मी टीटीचं इंजेक्शन घेतलं होतं, धनुर्वाताचं. त्याच उजव्या दंडात. चार महिने मी वात म्हटलं, शुगर म्हटलं, वय झालं म्हटलं, पण त्या सुईचं नाव काही माझ्या तोंडी आलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर इंग्रजी अक्षरं लिहिली. एस, आय, आर, व्ही, ए. सिर्वा. म्हणजे लस टोचताना सुई दंडाच्या मांसात न जाता वर खांद्याच्या सांध्यापाशी गेली, तर तिथं होणारी दुखापत. खांद्याच्या हाडाखाली एक बारीक पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. हात हलवताना आतली घासाघीस होऊ नये म्हणून ती असते. माझी ती पिशवी सुजली होती, त्याला बर्सायटिस म्हणतात. सूज राहून राहून सांध्यावरचं आवरणही आकसलं. त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, गोठलेला खांदा. कोरं कापड पाण्यातून न काढता शिवलं की पहिल्या धुण्यात आटतं आणि अंगात शिरत नाही, तसं माझ्या खांद्याचं झालं होतं.

"लस खराब होती का?" आमच्या मालकांनी विचारलं. मालक म्हणजे आमचे घरधनी, लोहाऱ्याच्या रस्त्यावर जीप चालवतात.

"लस चांगली होती. जागा चुकली," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. कारण पुढं गावानं ते बरोबर उलटं ऐकलं.

आता सुई कशी टोचली ते सांगते. लगीनसराई होती. नवरीकडच्या अकरा झंपरांचं काम अंगावर होतं. त्या साली सगळ्या बायांना कोपरापर्यंत तंग बाही पाहिजे होती, दंडाला चिकटून बसणारी, बोट शिरणार नाही अशी. मीही स्वतःला तशीच शिवलेली. शिंपिणीच्या अंगावर जुनी फॅशन दिसली तर कोण कापड टाकतंय?

घाईत मशीनची सुई डाव्या तर्जनीत घुसली, नखातून आरपार. मशीनचं चाक हातानं उलटं फिरवून सुई काढली, फडकं बांधलं आणि उपकेंद्रात गेले. तो लसीकरणाचा दिवस होता. ओट्यावर लेकरं घेऊन बाया, त्यांना सोडायला आलेले बापे, आत एक टेबल, एक खुर्ची. पडदा नाही. दार सताड उघडं.

आमच्या शैला सिस्टर तिथं होत्या. चौदा वर्षं गावात आहेत. माझ्या दोन्ही लेकी त्यांच्या हातावर झाल्यात. त्यांची झंपरं मी शिवते, माझ्या घरचा ताप-खोकला त्या बघतात, असं आमचं.

त्या म्हणाल्या, "कुठल्या हातात देऊ?"

मी म्हटलं, "उजव्यात द्या. डावा आधीच ठणकतोय."

हे माझं पहिलं चुकलं. निदान तेव्हा तरी मला असंच वाटायचं.

बाही वर सरकवायला गेले तर कोपराच्या वर सरकेना. हुक काढून बाहीच उतरवायची तर समोर दारात चार बापे उभे. मग आपण बाया जे करतो तेच मी केलं. पदर धरला आणि गळ्याकडनं झंपर खांद्यावरून खाली ओढलं. जेवढा निघाला तेवढा खांदा निघाला. सिस्टरांनी तिथंच टोचलं. आतमध्ये हाडाला लागल्यासारखी कळ गेली. मी "आई गं" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "एवढी सुई बोटातून काढलीस, आता ह्याला काय रडतीस?" दोघी हसलो. त्यांनी कार्डावर लिहून दिलं, दुसरा डोस महिन्यानं.

घरी येऊन भाकरी थापायला बसले, तर परातीपर्यंत हात जाईना. बोट चार दिवसांत बरं झालं. खांदा नाही.

बायांनो, इथं एक सांगते. टोचल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो, ते साहजिक आहे. पण त्याच दिवसापासून खांदा दुखायला लागला आणि आठ दिवसांनीही हात वर जात नसेल, तर बाम चोळत बसू नका. डॉक्टरांना तारखेसकट सांगा. मी चार महिने घालवले. शेकलं, चोळलं, कुणी सांगितलं म्हणून एरंडाची पानं बांधली. एकानं गोळ्या दिल्या, एकानं शुगर तपासली. शुगर नॉर्मल निघाली, तर तो जरा नाराजच झाला.

गोठलेला खांदा म्हणजे काय ते ज्याला झालाय त्यालाच कळतं. हात आहे, बोटं हलतात, वरून बघणाऱ्याला वाटतं नखरे करतेय. पण केस विंचरता येत नाहीत. न्हाणीत पाठीला हात पोचत नाही. मांडणीवरचा डबा निघत नाही. मुख्य म्हणजे झंपर घालता येत नाही. गावभरच्या बायांची झंपरं शिवणारी मी, आणि मालकांचे जुने शर्ट घालून बसलेली. कात्री चालवायला खांदा लागतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. कापड अंथरून कात्री लांब न्यायची म्हटलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. नवरीकडची मंडळी येऊन कापडं परत घेऊन गेली. एकेक पिशवी उचलून नेली. मी दारात उभी राहून "न्या, न्या" म्हणत होते आणि आत येऊन हुंदके देऊन रडले.

मग उमरग्याला फिजिओथेरपी सुरू झाली. म्हणजे व्यायामानं सांधा सोडवायचा. कप्पीवरची दोरी ओढायची, आणि भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची. घरी मी त्या भिंतीवर कापडावर आखायच्या खडूनं खूण करायची, आज कुठवर गेली ते. पहिली खूण माझ्या छातीएवढी. दोन महिन्यांनी तीच खूण. त्याच रेघेवर रेघ मारून मारून तिथं पांढरा पट्टा झाला. त्या भिंतीकडं बघितलं की मला कोंडल्यासारखं व्हायचं. खोलीतून बाहेर पडता येतं, खांद्यातून कुठं पडणार?

नुकसानभरपाई मागायची हे माझ्या डोक्यात कसं आलं? खरं सांगू, आधी रागानं आलं. माझी चूक नसताना माझं हातावरचं पोट का जावं? आणि दुसरं म्हणजे कुणीतरी लिहून द्यावं की बाई खोटं बोलत नाही.

लिहून घेणं किती अवघड असतं ते ऐका. हाडांचे डॉक्टर भले माणूस. पण म्हणाले, "निदान लिहितो, लक्षणं कधीपासून ते लिहितो. कुणाची चूक ते लिहिणार नाही." मी म्हटलं, तेवढं तर तेवढं द्या.

धाराशिवच्या कोर्टात बायकांना मोफत वकील मिळतो. तिथं मला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी सगळं ऐकून आधी माझी हवाच काढली. सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेल्या सुईसाठी ग्राहकांच्या कोर्टात सहसा दाद लागत नाही, म्हणाल्या. परदेशात कुठं कुठं लसीच्या दुखापतीसाठी वेगळी सोय आहे, आपल्याकडं अशी मळलेली वाट नाही. "आपण आरोग्य खात्याकडं अर्ज करू आणि तडजोडीच्या अदालतीत जाऊ. पण ताई, सुई उजव्या खांद्यात टोचली, त्याचा कागद पाहिजे."

कागद म्हणजे उपकेंद्राचं रजिस्टर. माहितीच्या अधिकारात त्या पानाची प्रत मागवली. दीड महिन्यानं आली. वकीलबाईंनी पान माझ्यापुढं सरकवलं.

पानावर सगळ्यांत वरच्या नावापुढं लिहिलं होतं, 'डावा दंड'. खाली सगळ्यांपुढं नुसत्या दोन-दोन टिकल्या. म्हणजे वरच्यासारखंच. तेराव्या ओळीत माझं नाव, आणि माझ्याही पुढं दोन टिकल्या.

सरकारी कागदावर माझा डावा दंड टोचलेला होता, आणि दुखत होता उजवा!

मी घरी येऊन ते झंपर शोधलं. उजव्या खांद्याच्या शिवणीला आतून रक्ताचा बारका डाग होता, बाहीला नव्हता. पिशवीत घालून वकीलबाईंना दिलं. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "ते म्हणतील, बोटाचं रक्त आहे." खरंच की. बोटातून रक्त गळत असताना मीच त्या हातानं झंपर ओढलं होतं.

म्हणजे आता एकच माणूस सांगू शकत होतं की सुई उजव्या खांद्यात, वरच्या अंगाला गेली. शैला सिस्टर. आणि त्यांनी ते सांगितलं की त्यांच्याच नोकरीवर यायचं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी वकीलबाईंना म्हटलं, सिस्टरांचं नाव काढून टाका, खात्यावर काय घालायचं ते घाला. त्या म्हणाल्या, "ताई, खातं काही सुई टोचत नाही. नाव काढलं तरी विचारणार, कुणी टोचली."

खात्याचं पत्र उपकेंद्रात आलं त्या दिवसापासून सिस्टरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. गल्ली एकच. त्या आल्या की मी आत जायची, मी निघाले की त्या थांबायच्या. माझ्याकडं त्यांची दोन झंपरं शिवायची पडली होती. परतही मागितली नाहीत. ती पिशवी खुंटीला लटकलेली, दिवसभर डोळ्यांपुढं.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, "बाईमाणसाच्या पोटावर पाय आणतीय." दुसरा त्याहून वाईट. तो म्हणे, "सिस्टरच्या सुईनं हात जातो." एका लसीकरणाच्या दिवशी ओट्यावर दोनच बाया होत्या. आमच्या शेजारच्या सुंदराबाई नातीला घेऊन आपल्या घराच्या दारातच बसलेल्या. मी विचारलं, "अहो, घटसर्प-डांग्या खोकल्याची सुई आहे ना आज हिची?"

"तुझ्यासारखा हात करून घिऊ का लेकराचा? न्हाय बाई. तुझंच बघून आमी शानं झालो."

मी म्हटलं, "लस चांगली असती मावशी, माझी जागा चुकली. आन् इतक्या बारक्या लेकराला तर मांडीत देत्यात."

"तूच कोर्टात गेलीस, आन् तूच आमाला चांगली म्हनतीस व्हय?"

त्या सहा महिन्यांच्या पोरीनं माझ्याकडं बघून हात पुढं केला. मला तिला उचलूनही घेता येत नव्हतं. त्या दिवशी मी मालकांना म्हटलं, "अर्ज काढून घेते. पोरीला घटसर्प झाला तर पाप माझ्या माथी."

मालक तसे कमी बोलतात. ते म्हणाले, "अर्ज काढलास तर गाव काय म्हनंल? म्हनंल, बघा, खोटंच हुतं. आन् सुई बी तशीच वाईट ऱ्हाईल लोकांच्या डोक्यात. तुजा हात बी गेला, सुई बी गेली."

पुढं जावं तर सिस्टर जाते, मागं यावं तर मी जाते, आणि दोन्हीकडनं लेकरं जातात. मी इतकी चिडले की भिंतीवरचा तो खडूचा पट्टा ओल्या फडक्यानं पुसून टाकला. डाव्या हातानं.

बैठकीची तारीख लागली. लोहाऱ्याहून धाराशिवची सकाळची एसटी एकच. मी चढले, तर मधल्या बाकावर सिस्टर. गाडीत गर्दी. माझ्या डाव्या हातात पिशवी आणि वरचा दांडा धरायला उजवा हात, तो जाईना. ब्रेक लागला की मी या खांबावर नाहीतर त्या माणसावर. दोन गावं गेली. मग सिस्टर उठल्या. माझी पिशवी घेतली, मला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. तासभर त्या माझ्या डोक्यावरचा दांडा धरून उभ्या होत्या. मी खिडकीबाहेर बघत होते. एक अक्षर नाही. इतका अवघड प्रवास मी आयुष्यात केला नाही.

अदालतीच्या खोलीत तिघं बसले होते. मधल्या साहेबांनी मला हात वर करायला सांगितलं. मी केला. छातीपाशी थांबला. "आणखी?" त्यांनी विचारलं. "आणखी नाही, साहेब." खात्याकडच्या माणसानं रजिस्टर पुढं केलं. नोंद डाव्या दंडाची आहे, म्हणाला, आणि उजव्याचा आजार वयामुळं असू शकतो. शेवटी म्हणाला, बाईंनी कपडे कसे घालावेत हे खातं ठरवत नाही. माझ्या कानशिलात आग पेटली. वकीलबाईंनी माझा डावा हात दाबून धरला.

साहेबांनी सिस्टरांना विचारलं, "नोंद तुमच्या हातची?"

"व्हय."

"यांना डाव्या दंडात दिली?"

सिस्टर रजिस्टरकडं बघत राहिल्या. खात्याचा माणूस त्यांच्याकडं बघत होता. मी जमिनीकडं. मला तर वाटत होतं, सांगून टाक बाई, डाव्या दंडात दिली म्हणून, सुट तू तरी एकदाची.

"न्हाय साहेब," सिस्टर म्हणाल्या. "त्या टिकल्या मी सकाळीच मारून ठेवते. गर्दीत येळ मिळत न्हाय. सुई उजव्या हाताला दिली. बाही तंग हुती, हिनं गळ्याकडनं सरकवलं. खांद्याच्या हाडापासून खाली तीन बोटं मोजून टोचायची असते. मी मोजली न्हाईत. हिला हुक काढ म्हनाया पायजे हुतं, तर आडोसा कुठंय? पडदा मागून मागून माझं निम्मं आयुष्य गेलं. पन बोटं तर माझ्याकडंच हुती. ती मोजायची राहिली."

मला रडू आवरेना. जिंकल्याचं रडू नव्हतं ते. चौदा वर्षांची माझी बाई माझ्यासाठी स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करत होती, आणि मी तिला थांबवू शकत नव्हते, कारण ती खरं बोलत होती.

खात्यानं उपचार आणि भरपाई द्यायचं कबूल केलं. कागद वर गेलाय. वर म्हणजे कुठं ते देवाला ठाऊक, अजून खाली आला नाही. सिस्टरांना मात्र 'कारणे दाखवा' नोटीस आठ दिवसांत आली. ते काम सरकार चटकन करतं.

परत येताना एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो. तुळजापूर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझी दोन झंपरं पडलीत तुझ्याकडं."

मी म्हटलं, "हात कुठाय शिवायला?"

"मग व्यायाम कर की नीट. भिंत पुसून ठिवलीस म्हनं." मालकांनी जाऊन सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी मी खडू घेऊन नवी खूण केली.

अर्ज केल्याला वर्ष होत आलं तेव्हा माझा हात कानापर्यंत पोचला. कात्री धरल्यावर मी पहिलं कापड कापलं ते कुठल्या नवरीचं नाही. उपकेंद्राचा पडदा कापला. जाड, हिरवा, वर दांडीची नळी घालून. चार दिवस लागले, दर हातभर शिवणीला थांबत. घेऊन गेले तर दांडीपर्यंत माझा हात जाईना, सिस्टरांनीच स्टुलावर चढून लावला.

त्या दिवशी लसीकरण होतं. ओट्यावर पाच-सहा बाया लांब-लांब बसलेल्या, त्यांत सुंदराबाई, नात मांडीवर. आत यायला कुणी तयार नाही. मी पिशवीतून माझं जुनं कार्ड काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिस्टर, माझा दुसरा डोस राहिलाय."

त्यांनी कार्ड उलटून पुलटून बघितलं आणि म्हणाल्या, "ये."

खोटं कशाला बोलू, भीती वाटली. खांदा तर त्यांचा आवाज ऐकूनच आकसला. पडद्याआड जाऊन मी हुक काढले, डावी बाही पूर्ण उतरवली. त्यांनी खांद्याच्या हाडावर बोट ठेवलं. त्यांनी मोठ्यानं मोजलं, "एक. दोन. तीन."

कळ आली नाही. मुंगी चावल्यासारखं झालं, बस्स.

मी हुक लावून बाहेर आले तेव्हा सिस्टर रजिस्टरात लिहीत होत्या. माझं नाव, आणि त्याच्यापुढं पूर्ण अक्षरांत, 'डावा दंड'. खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या होत्या. सुंदराबाई नातीला कडेवर घेऊन उठल्या, पडदा बाजूला सारला आणि म्हणाल्या, "घ्या बाई हिला. पन बोटं मोजा."

"हिला मांडीत असती मावशी," सिस्टर म्हणाल्या. "तरी मोजते."